चाचाचा दोर माया गॅरेजात

दोरवाले चाचा माणसाचं नाव मागून विचारे, आधी वजन विचारे. लग्नात नवरदेवासंग हात मिळवला तरी पहिला सवाल तोच. नवरदेव बिचारा लाजून साठ म्हणे. चाचा त्याचा दंड दाबून "अडुसष्ट, हार पकडून" असं सांगे अन् जेवाले बसे. आमच्या गावातल्या किराणावाल्या शेठनं एकदा धान्याच्या काट्यावर चार माणसं चढवून त्याच्या अंदाजाची खातरी केली. चारही आकडे बरोबर निघाले. पाचवा शेठ सोता चढला, आकडा पाह्यला अन् गुपचूप उतरला. तवापासून त्या काट्यावर फडकं टाकलेलं असते.

हा नाद चाचाले धंद्यानं लावला होता. उभी जिनगानी त्यानं विहिरीत उतरून बिघडलेल्या मोटारी वर काढल्या. खाली कोण चाललं, वर दोर कोणाच्या हातात हाय, कोणाचं वजन किती, ह्यात चूक झाली तं मोटारीच्या जागी माणूस काढा लागे. मंग गावोगाव बोअर झाले अन् विहिरीचा धंदा बसला. चाचाचा जावई नागपुरात खडक चढणाऱ्यांच्या क्लबात जाते. सासरवाडीले आला तवा त्यानं किन्हीराजा गावाच्या बाजूची आमची जुनी गिट्टी खदान पाह्यली, अन् तिथली सरळसोट भिंत पाहून त्याच्या तोंडाले पाणी सुटलं. दोन उन्हाळे त्यानं सासऱ्याले सगळं शिकवलं, भिंतीच्या माथ्यावर खडकात बोल्ट ठोकून दिले, अन् एक दोर, कमरेचे पट्टे, लोखंडी कड्या ठेवून गेला. असा आमचा क्लब. पाटी नाई, पावती नाई. रविवारी सकाळी खदानीत जो येईल तो मेंबर.

मी मेंबर झालो तो फजितीनं. माह्यं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज हाय, खदानीच्या तोंडाशी. शाळा मी चौथीतच सोडली, म्हंजे शाळेनं मले सोडलं, पण तोंड काही बंद झालं नाई. चहाच्या टपरीवर एक दिवस सांगून बसलो का ही भिंत तं मी एक हात खिशात घालून चढतो. लोकं म्हणे, दाखव. खिशातला हात पहिल्याच पायरीले बाहेर आला. दोन पुरुष उंच चढलो अन् तिथं जे चिकटलो ते चिकटलोच. वर जाता येईना, खाली पाह्यता येईना. खडकाले मिठी मारून डोळे मिटले. एवढ्या मायेनं मी घरच्या बाईलेबी कधी मिठी मारली नाई, हे तिनंच मंग चारचौघीत सांगतलं.

खालून आवाज आला, "वजन किती?"

मी म्हटलं, चाचा, ही काय विचाराची येळ हाय. पण त्यानं पुन्हा तेच विचारलं. मी बासष्ट सांगतलं.

"सत्त्याहत्तर," चाचा म्हणे. "अन् मांगच्या खिशात पाना हाय. तो पहिले खाली टाक, मायावर नको टाकू."

मंग त्यानं डावा पाय कुठं, उजवा कुठं, असं एकेक सांगून मले उतरवलं, जसं काई मी एखादी गाभण म्हैस. खाली आल्यावर हासला नाई. रविवारी ये म्हणे. उपाशी येऊ नको अन् ठासूनबी येऊ नको.

मेंबर आमी तिघंच पक्के. एक शेठ. त्याले डॉक्टरनं चालाले सांगतलं होतं, पण चालताना त्याले लोकं उधारी मागत, म्हणून तो चढाले आला. दुसऱ्या अंगणवाडीच्या ताई. त्या आमच्यात सगळ्यात हुशार. दिवसभर चाळीस लेकरं सांभाळणाऱ्या बाईले भिंतीचं काय भेव. अन् तिसरा मी, ज्याले घरात बल्ब बदलाचा असला तं स्टुलावर बायको चढते.

चाचाचा कायदा असा होता का नवीन माणसानं सहा रविवार चढाचंच नाई, नुसता दुसऱ्याचा दोर धराचा. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर वर बोल्टातल्या कडीतून जाऊन खाली धरणाऱ्याच्या हातात येते. तो घसरला तं धरणाऱ्यानं आवळाचं. एवढंच काम. पण त्या कामाच्या येळेस बोलाचं नाई, चघळाचं नाई, मोबाईल पितळी डब्यात. मी पहिल्या दिवशी विचारलं का चाचा, मी चढाले आलो, धराले कायले लावता? तं म्हणे, "चढताना तू पडशील तं तूच पडशील. धरताना चुकशील तं दुसरा पडन. पहिले मोठं काम शिक."

सहा रविवार माह्यं तोंड बंद राह्यलं. बायको म्हणे, हा क्लब रोज काहून नाई भरत.

दोराचा कायदा आणखी कडक होता. हप्ताभर दोर एकेकाच्या घरी जाई, पाळीनं. तो खुंटीले टांगाचा. जमिनीवर ठेवाचा नाई, ओलांडाचा नाई, उन्हात वाळत घालाचा नाई. शेठ तं त्याले उदबत्ती लावे. एक दिवस पाळी मायावर आली. घरी उंदरं लई, म्हणून मी अक्कल चालवली अन् दोर गॅरेजात नेला. खुंटीवर आधीच फॅनबेल्ट होते. मंग बाकड्यावर ठेवला. शनिवारी एका ट्रॅक्टरची बॅटरी काढून मी त्याच बाकड्यावर टेकवली, अन् दिवसभर दुसरंच काम करत बसलो. बॅटरी फुटकी होती. संध्याकाळी पाह्यतो तं तिचं पाणी सांडून दोराचे खालचे चार वेढे भिजलेले.

आता बॅटरीचं पाणी म्हंजे तेजाब, हे मले न समजाले मी काई कापड दुकानात बसत नाई. माया तीन पॅन्टी त्यानं खाल्ल्या हायेत. आज थेंब पडते, काहीच दिसत नाई. धुवाले टाकली का पॅन्टीची चाळणी होते. हे सगळं ठाऊक असून मी काय केलं, तं नळाखाली दोर धुतला, सावलीत वाळवला अन् लई बारीक डोळे करून पाह्यला. दोर चांगला दिसला. मले तो चांगला दिसाले पाह्यजेच होता, म्हणून दिसला. सांगतलं असतं तं शेठ वर्षभर हासला असता. अन् चाचानं काढून टाकलं असतं, याचं जास्त भेव. इतके दिवस गावानं मले नुसतं बोलाले बोलावलं होतं, कामाचं म्हणून बोलावलं ते ह्या खदानीतच.

दुसऱ्या दिवशी ताई पहिल्यांदा मोठी भिंत चढणार होत्या. आतापर्यंत आमी बाजूच्या बुटक्या भिंतीवर खेळत होतो. त्यायच्या अंगणवाडीतल्या लेकरायच्या मायाबी पाह्याले आल्या होत्या. ताईनं पट्टा आवळला, दोराची गाठ मारली. दोराचं तेच भिजलेलं टोक. चाचा धराले उभा राह्यला. मी बाजूले उभा राहून नुसती बडबड करून राह्यलो होतो. शेठच्या पोटावर बोललो, खदानीच्या बकऱ्यायवर बोललो, कोणी हासो का न हासो. चाचानं दोरावरची नजर न काढता विचारलं, "आज लई बोलून राह्यला बे. काय लपवलं?"

काई नाई म्हटलं.

ताईचे पाय जमिनीवरून उठले. एक पाय, दुसरा पाय, मंग हात वरच्या कपारीत गेला. डोक्याएवढ्या उंच गेल्या असतील. माया आवाज बाईसारखा निघाला. "ताई, उतरा. दोरावर बॅटरीचं पाणी सांडलं."

 ताई उतरल्या. चाचानं त्यायची गाठ सोडली अन् दोर दोन्ही हातात धरून वीतभर वीतभर पाह्यत गेला. गाठीपासून हातभर पुढं त्यानं दोन झटके देले. तिसऱ्या झटक्याले दोर सरकीतून कापूस निघावा तसा सुटला. एक तुकडा या हातात, एक त्या हातात.

 शेठनं ताईले बसाले स्वतःचा टॉवेल अंथरला. चाचानं पाणी मांगतलं, घोटभर पेला, अन् मले जवळ बोलावलं. समजलं कधी, विचारलं. मी सांगतलं, काल संध्याकाळी.

"रातभर झोप लागली?"

मले वाटलं, खोटं बोलावं का तळमळलो. पण आता उरलं काय होतं. "लागली चाचा. चांगली लागली. घोरलोबी, बायको म्हणे."

 चाचा हासला. म्हणे, "बैताड हायस, पण आता खरं बोलाले लागला." अन् खिशातली सुरी काढून माह्या हातात देली. ज्या दोराचा शक येते तो विहिरीवाले कधी साबूत ठेवत नाईत, उद्या कोणीतरी त्याच्या भरवशावर उतरन म्हणून. मले तिथं सगळ्यायपुढं बसून क्लबाचा एकुलता एक दोर हातहातभर कापा लागला. चांगला भाग बी. ताईनं तुकडे मोजून पिशवीत भरले, लेकरायच्या झोक्याले तं नाईच, पण पडदे बांधाले होतील म्हणे. बोलल्या तेवढंच. मी त्यायच्याकडं पाह्यलं नाई.

दोन महिने क्लब बंद. चाचा तरी रविवारी खदानीत येऊन बसे अन् आमच्याकडून नुसत्या गाठी मारून घेई, बैलाच्या दाव्यावर. मंग जावयानं नवीन दोर आणला. पहिल्याच रविवारी चाचानं नवीन कायदा काढला. चढाच्या आधी सगळ्यायनं गोल उभं राह्याचं अन् जे लपवलं ते सांगाचं. शेठनं सांगतलं का सकाळी चार कचोऱ्या झाल्या. चाचा म्हणे, सहा. ताईनं सांगतलं का खांदा दुखते अन् त्या दिवसापासून मोठ्या भिंतीचं भेवबी वाटते, अन् त्या भेवासकट चढल्या, वर जाऊन खाली हात हालवला. मी सांगाले लागलो तं ऊन डोक्यावर आलं. चाचानं थांबवलं. म्हणे, दोरापुरतं सांग, संसाराचं घरी सांग.

अन् दोर ठेवाची पाळी त्यानं बंद केली. आता कायम गजाच्या घरी, म्हणे. गजा म्हंजे मी. शेठ बिगडला. दुसरं कोणी नाई भेटलं का, म्हणे. चाचा म्हणे, "तुमाले दोराची इज्जत हाय. याले भेव हाय. भेववाल्याच्या घरी राहू द्या." त्या दिवशी मी फॅनबेल्टची खुंटी नाई, घरातली बायकोच्या साड्यायची खुंटी रिकामी केली. त्यावरून जे झालं ते दोरापुरतं नाई, म्हणून सांगत नाई.

अवंदा चाचाचे गुडघे गेले. पोरगी नागपूरले बोलवत होती, अखेर तो तयार झाला. एका सोमवारी जीपमध्ये बसून गेला. जीपवाल्याले बसाच्या आधी त्याचं वजन विचारलं, एवढं झालं. पण त्याच्या आदल्या रविवारचं सांगतो.

आमी गोल उभे राह्यलो, सगळ्यायनं आपापलं सांगतलं. मंग चाचानं पट्टा उचलला अन् सोताच्या कमरेले बांधला. तवा माया ध्यानात आलं का इतक्या दिवसांत चाचाले आमी त्या भिंतीवर कधी पाह्यलंच नाई. तो नेहमी खालीच, दोर धरून. शेठ म्हणे, गुडघे? चाचानं ऐकलं न ऐकलं केलं, गाठ मारली अन् दोराचं दुसरं टोक माह्या हातात देलं. माह्यं तोंड पडलं. मी ताईकडं बोट दाखवलं, त्या माह्यापेक्षा चांगलं धरतात. तो म्हणे, ठाऊक हाय.

"काई सांगाचं?" त्यानं विचारलं.

"हात थरथरून राह्यले चाचा."

"थरथरू दे. सोडू नको."

अन् चढला. हळू, पण असा, का जसं खडकात कुठं काय हाय ते त्यानं तीस वेळा खालून वाचून ठेवलं होतं. अर्ध्यावर डावा गुडघा फिरला अन् चाचा सुटला. दोर ताणला, मी आवळला, माये पाय जमिनीवरून वीतभर उचलले अन् पुन्हा टेकले. चाचा हवेत लटकला. ताई माया मांगं येऊन उभ्या राह्यल्या, हात लावला नाई, नुसत्या उभ्या राह्यल्या. मी वरती ओरडून विचारलं का खाली घेऊ का. चाचा म्हणे, थांब जरा. पाय सोडून, पाठ भिंतीले टेकवून तो शेतायकडं पाह्यत बसला. असा निवांत, जसं आपण ओट्यावर बसतो. माह्या दंडात गोळे आले, घाम नाकावरून टपकून राह्यला होता, पण एकही जोक सुचला नाई.

लई येळानं वरून आवाज आला. "गजा, तुया गॅरेजपुढं ट्रॅक्टर येऊन उभा राह्यला. हॉर्न वाजवून राह्यला."

"वाजवू द्या," मी म्हटलं.