भिंतीच्या अलीकडची पलटी

इब्राहीम शेखचा हात भारी होता, हे चंद्रपुरात कुणालाही विचारावं. शहराबाहेरच्या एका कॉलनीच्या पोहण्याच्या टँकवर त्यानं एकतीस वर्षं पोरांना पोहायला शिकवलं आणि त्याच्या हातचा मार न खाता तिथून सुटलेलं पोर दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं. बुडत्याला पुढे करायला ठेवलेला लांब बांबू त्यानं कापून आपल्या उंचीचा करून घेतला होता. त्या बांबूनं कुणी वाचल्याचं कुणाला आठवत नाही. डोकी मात्र त्यानं पुष्कळ फोडली.

माणूस दुष्ट नव्हता, आणि खरी पंचाईत तीच होती. दुष्ट माणूस मारून थकतो तरी. इब्राहीम श्रद्धेनं मारायचा. छडी लागे छमछम, विद्या येई घमघम, हे इतर लोक गंमत म्हणून बोलतात. याला ते अक्षरशः पटलेलं होतं. तो स्वतः फौजेतून परतलेल्या एका हवालदाराच्या काठीखाली पोहायला शिकला होता आणि त्या हवालदाराचं नाव निघालं की आजही कानाला हात लावायचा.

त्याचा सगळा जीव एका गोष्टीत अडकला होता. पलटी. फ्रीस्टाइलमध्ये भिंत आली म्हणून थांबायचं नसतं. तळाशी आखलेली काळी रेघ जिथं आडवी होते तिथं शेवटचा हात मारायचा, हनुवटी छातीला चिकटवायची, नाकातून हवा सोडत पाण्यातल्या पाण्यात कोलांटी घ्यायची, दोन्ही पाय भिंतीवर आपटायचे आणि उताणं सुटायचं. सुटता सुटता पालथं व्हायचं. इतकं सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत. यात सगळ्यात मोठं पाप म्हणजे भिंत कुठे आली ते बघायला डोकं वर काढणं. डोकं वर आलं की वेग मेला. म्हणून इब्राहीम भिंतीच्या काठावरच उभा राहायचा. समोरून येणाऱ्याचं डोकं वर दिसलं रे दिसलं, की बांबू खाली.

एवढं करूनही त्याचं एकसुद्धा पोर विभागातून पुढे निवडलं गेलं नव्हतं. इब्राहीमची पोरं भिंतीच्या दोन हात अलीकडेच पलटत. पाय भिंतीवर बसत नसत, नुसती बोटं घासून जात, आणि प्रत्येक पलटीला गडी मागे पडे. नागपूरचे कोच लांबून बघून हसत. ‘‘हा चंद्रपूरचा,’’ म्हणत. इब्राहीम परत येऊन पोरांना दुप्पट बडवायचा. भित्री अवलाद, असं त्याचं ठाम मत होतं.

उर्वशी त्याच्याकडे आली तेव्हा त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. येत्या जूनपासून टँकच्या कमिटीनं त्याला घरी बसायला सांगितलं होतं. उर्वशी मूल तालुक्यातल्या एका गावची, धान पिकवणाऱ्या घरातली. कॉलेजसाठी चंद्रपूरच्या होस्टेलात राहायची. गावच्या मामा तलावात, जुन्या मालगुजारानं धानासाठी बांधलेल्या पाण्यात, ती पोहायला शिकली होती. छाती भात्यासारखी चालायची. आता तिचं वर्ष भरत आलं होतं आणि तीन आठवड्यांनी नागपूरला दोनशे मीटरची निवड चाचणी होती. निवडली गेली तर सरकारी खर्चानं राहणं, शिकणं, पोहणं. नाही तर उन्हाळा संपला की गावी परत. दोनशे मीटरात तीन पलट्या. बाकी सगळं तिच्याकडे होतं. आणि इब्राहीमला आयुष्यात एक, फक्त एक पोर निवडलेलं बघायचं होतं.

त्या सकाळी तिची चाळिसावी पलटी चालली होती. डोकं वर आलं. इब्राहीमनं बांबू हाणला, पण ती त्याच क्षणी वळली आणि बांबूची फुटकी कड भुवईवर बसली. पाण्यात लाल धूर पसरला. बाकीच्या पोरी काठाला चिकटल्या.

‘‘सर, रक्त येऊन राह्यलं,’’ रीता नावाची मुलगी ओरडली.

‘‘पाण्यात आपोआप धुतल्या जाते,’’ इब्राहीम म्हणाला. ‘‘उर्वशी, परत.’’

एका डोळ्यात रक्त घेऊन तिनं आणखी सहा पलट्या मारल्या. सहाही भिंतीच्या अलीकडे. मग दवाखान्यात चार टाके पडले. ती रडली नाही, आणि त्याला वाटलं, चला, पोरगी तयार होतेय. कुणाला काय वाटेल याला धरबंद नसतो.

तिसऱ्या दिवशी तिची आई एसटीनं आली. रुखमाबाई. चिखलात उभं राहून धान लावणारी बाई, मनगटं पुरुषासारखी. पदर खोचून ती सरळ टँकच्या काठावर आली.

‘‘इब्राहीम मास्तर कोन हाये?’’

‘‘मी. काऊन?’’

तिनं पायातली चप्पल काढली आणि त्याच्या थोबाडावर मारली. मग दुसऱ्या गालावर. तिसरी कानावर. एकतीस वर्षांत त्या काठावर मार एकाच दिशेनं गेला होता. इब्राहीमचा बांबूवाला हात वर गेला.

‘‘मार!’’ रुखमाबाई पुढे सरकली. ‘‘मले मार ना गा! माया पोरीचा डोया फुटला असता तं तू देनार होता का आनून?’’

हात वरच राहिला. मग हळूहळू खाली आला. गाल पेटले होते. आपण हिच्यापेक्षा वीतभर उंच आहोत आणि तरी आपल्याला भीती वाटतेय, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याची त्याला भयंकर लाज वाटली.

‘‘बाई, मी तिच्या भल्यासाठीच करून राह्यलो,’’ तो म्हणाला. ‘‘तिले पलटी जमत नाई. भिंतीच्या आधीच पलटते. जमली तं तिची जिंदगी बनते.’’

‘‘कशी पलटते? दाखव मले.’’

उर्वशी टाक्यांमुळे पाण्याबाहेर होती. त्यानं रीताला सोडलं आणि सवयीनं आपल्या जागी, भिंतीच्या काठावर, बांबू धरून उभा राहिला. रीता सपसप आली आणि दोन हात अलीकडे पलटली. पायाची बोटं फरशीला चाटून गेली.

‘‘पाह्यलं? सगळ्या अशाच!’’

रुखमाबाईनं भिंतीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, बांबूच्या टोकाकडे बघितलं. मग ती हसली. त्या हसण्यापेक्षा चप्पल बरी होती.

‘‘अरे येड्या, तू तिथीच उभा राहून मारतं ना? बैलाले धुऱ्यापाशी मारलं तं तो धुऱ्याच्या दोन हात आधीच वळते. काठाची जमीन तशीच राह्यते, नांगर लागतच नाई. माया सासऱ्यानं असाच एक चांगला गोऱ्हा नासवला. पोट्ट्या भिंतीले नाई भेत, तुया काठीले भेतेत.’’

धुरा म्हणजे शेताचा बांध, हे इब्राहीमलाही ठाऊक होतं. त्यानं बांबू पाण्यावर आडवा धरला. टोक भिंतीपासून बरोबर दोन हातांवर पोचत होतं. मग तो कपडे बदलायच्या खोलीआड गेला, तिथून रीताला ‘परत ये’ म्हणून ओरडला आणि झरोक्यातून बघत राहिला. काठ मोकळा होता. रीताच्या पायांचे दोन्ही तळवे थेट भिंतीवर बसले.

एकतीस वर्षं. किती पोरं झाली असतील, तो मोजायला लागला आणि मध्येच थांबला. एकही भित्रं नव्हतं. मार जिथं बसतो ती जागा टाळावी, एवढी साधी अक्कल प्रत्येकाला होती. नव्हती ती फक्त शिकवणाऱ्याला. हवालदाराच्या काठीखाली तो स्वतःही अलीकडेच पलटायचा, हेही आता आठवलं. त्यानं बांबू खांबावर आपटला. एकदा, दोनदा, चिरफाळ्या होऊन तळहातात कुसळं घुसेपर्यंत. आयुष्यभर त्याचा राग दुसऱ्याच्या पाठीवर उतरला होता. आज त्याला पाठ सापडेना.

दुपारी तो अल्ताफच्या दुकानात गेला. अल्ताफ त्याचा मुलगा, मूल रोडवर मोटरसायकली दुरुस्त करायचा. सोळाव्या वर्षी नागपूरला पलटी चुकली म्हणून इब्राहीमनं त्याला बसस्टँडवर, लोकांच्या देखत, अशी कानफटात मारली होती की कानाचा पडदा फाटला. त्यानंतर अल्ताफ पाण्यात उतरला नाही आणि बापाशी कामापुरतं बोलायचा.

‘‘बेटा, तुझी चूक नव्हती,’’ इब्राहीम त्याच्या मागे उभा राहून म्हणाला. अल्ताफ चाकाची रिंग ठोकत राहिला. मग कुणीतरी उभं आहे असं वाटून वळला.

‘‘या बाजूनं बोला, अब्बा. तिकडून ऐकू येत नाही मला.’’

इब्राहीम फिरून उजवीकडे आला आणि सगळं सांगितलं. बांबू, दोन हात, बैल, धुरा. अल्ताफनं ऐकून घेतलं. हातातला हातोडा त्यानं एवढा आवळला होता की इब्राहीमला वाटलं, आता बसतो. बसला असता तर बरं झालं असतं.

‘‘आता मला सांगून काय उपयोग?’’ अल्ताफ शेवटी म्हणाला. ‘‘जी अजून पाण्यात आहे तिला सांगा.’’ आणि त्यानं पुन्हा रिंग ठोकायला घेतली.

टाके निघाल्यावर उर्वशी आली तेव्हा चाचणीला नऊ दिवस होते. इब्राहीमनं तिला सगळं सांगितलं. ती ऐकून पाण्यात उतरली. तो वीस पावलं लांब, रिकाम्या हातानं उभा राहिला. तरी ती अलीकडेच पलटली. दुसऱ्यांदाही. दहाव्यांदाही. मार थांबला तरी मार खाल्लेलं अंग थांबत नाही. रीताला दोन महिनेच झाले होते. उर्वशीनं वर्षभर खाल्ला होता, आणि शेवटचा तर हाडापर्यंत.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी बासष्ट वर्षांच्या इब्राहीमनं शर्ट काढला, पाण्यात उतरला आणि भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला. हनुवटी तेवढी पाण्यावर.

‘‘माया छातीवर पाय मार,’’ तो म्हणाला. ‘‘आधी पलटशीन तं लागणार नाई. तुये टोंगळे तुयाच पोटात घुसले पायजे, गुडघे पार दुमडले पायजे, इतक्या जवळ ये.’’

‘‘नाई, सर. तुम्हाले लागन.’’

‘‘तुले लागलं तेव्हा मी विचारलं होतं का?’’

ती आली. अलीकडे पलटली, पाय पाण्यातच फिरले. दुसऱ्यांदा बोटं छातीला लागली, मोठ्या माणसाच्या पाया पडावं तशी.

‘‘मारतं का मालिश करतं?’’ तो ओरडला. ‘‘तो बांबू आठव! रक्त आठव! मी ‘परत’ म्हणलो होतो ते आठव!’’

तिनं त्याच्याकडे बघितलं. भुवईवरचा गुलाबी वण ताठ झाला. मग ती टँकच्या पार त्या टोकाला गेली आणि तिथून आली. या वेळी तिच्या टाचा बरगड्यांवर अशा बसल्या की त्याच्या छातीतली हवा एकदम निघून गेली आणि पाणी आत शिरलं. खोकत तो वर आला.

‘‘अशीच. अजून.’’

चौथी, पाचवी, सहावी. सातव्या वेळी आत काहीतरी कटकन मोडलं. आठव्या वेळी टाच तोंडावर आली, ओठ फुटला, दात हलला. त्याला कळत होतं की ही आता पलटी शिकत नाही, हिशेब करतेय, आणि पलटी शिकतेय तीही यातूनच. दुखणं एवढं होतं की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. पण वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं इतकं त्याला बरं वाटत होतं, हेही खरंच.

‘‘उर्वशी, बस कर ना! मरन तो!’’ रीता काठावरून किंचाळली.

उर्वशी थांबली. धापा टाकत तिनं विचारलं, ‘‘पुरे का, सर?’’

‘‘तुले पुरे झालं का?’’

‘‘नाई.’’

‘‘मंग ये.’’

आणखी चार. त्यानंतर ती जवळ आली आणि इब्राहीम न सांगता बाजूला सरकला. तिचे तळवे उघड्या भिंतीवर बसले. आवाज सगळ्या टँकभर झाला. ती सुटली ती पाण्याखालून कुठल्या कुठे जाऊन वर निघाली. इब्राहीम कठड्याला धरून ओकत होता. ओकारीत रक्त होतं आणि तो हसत होता.

नागपूरला तो छातीला पट्टा बांधून गेला. दोन बरगड्या मोडल्या होत्या, ओरडायची सोय नव्हती. पहिली पलटी, तळवे भिंतीवर. दुसरी, तळवे भिंतीवर. तिसऱ्या पलटीला ती पाचवी होती आणि भिंतीतून सुटली तेव्हा दुसरी. पहिल्या चौघी निवडायच्या होत्या, ती दुसरी आली. चंद्रपूरची पोरगी आहे म्हटल्यावर शेजारच्या कोचनं यादी पुन्हा बघितली.

निवडीचा फॉर्म घेऊन उर्वशी त्याच्याकडे आली. केसांतून पाणी ठिबकत होतं. फॉर्मवर एक चौकट होती, प्रशिक्षकाचं नाव आणि सही. एकतीस वर्षं इब्राहीम त्या चौकटीसाठी थांबला होता. त्यानं पेन उघडलं आणि हात थांबला.

‘‘बेटा,’’ तो म्हणाला, ‘‘आधी मले माफ कर.’’

उर्वशीनं टॉवेलनं तोंड पुसलं. तिला विचार करायला वेळ लागला नाही.

‘‘नाई करत, सर. तुम्ही शिकवलं, ते मी सगळ्यांले सांगीन. तुम्ही मारलं, तेही सांगीन.’’ मग तिनं बोट फॉर्मवर ठेवलं. ‘‘इथी सही करा.’’

पट्ट्यामुळे वाकता येत नव्हतं, म्हणून तिनं फॉर्म त्याच्यासमोर उंच धरला. इब्राहीमनं सही केली.