आवणीपुरते बारा किलो

पेठ तालुक्यातल्या गावाहून मी नोकरीसाठी नाशकाला निघाले, तेव्हा आई एसटीच्या खिडकीखाली उभी होती. रडली नाही. नागलीच्या पिठाची पिशवी खिडकीतून आत सरकवली आणि एवढंच म्हणाली, "आवणीला येत जा." मला हसू आलं. भाताची रोपं लावायला यायचं, हे काय सांगावं लागतं?

दरवर्षी गेलेही. पण विमा कार्यालयातली खुर्ची, स्कूटी, लिफ्ट आणि चारच्या चहाबरोबर येणारी कचोरी यांनी पंधरा वर्षांत माझ्यावर वीस किलो चढवले. आईला त्याचं कौतुकच. "नाशिकचं पाणी मानवलं माझ्या पोरीला," असं ती गावभर सांगायची.

आमच्याकडे आवणी सावडीवर चालते. आज आम्ही तुमच्या भातखाचरात, उद्या तुम्ही आमच्या. ज्या घरातून जितकी माणसं जातील, तितकीच त्या घराला परत मिळतात. बाबा गेल्यापासून आमच्या घरात मोजायला दोघीच, आई आणि मी. त्यातली मी पाहुणीसारखी येणारी.

मागच्या वर्षी गावातल्या सखूमावशीच्या खाचरात उतरले आणि तासाभरात गुडघ्यांनी जीव सोडला. बांधावर जाऊन बसले. माझी पात, म्हणजे माझ्या वाटणीचा पट्टा, शेजारच्या बायांनी लावून टाकली. कुणी एक शब्द बोललं नाही, त्याचाच जास्त राग आला. संध्याकाळी आई हळूच सखूमावशीला म्हणाली, "आमच्या घरचं एकच माणूस धर." दुसऱ्या दिवशी मी नाशिकची गाडी पकडली आणि आई, पासष्टीची बाई, बायांनी लावलेली माझी पात फेडायला एकटी परत चिखलात उतरली. हे मला नंतर फोनवर सखूमावशीने सांगितलं.

त्याच आठवड्यात मोबाइलवर व्यायामाचं अ‍ॅप घेतलं. त्याने विचारलं, तुमचं ध्येय काय? पर्याय होते: सडपातळ दिसणं, लग्नसमारंभ, आरोग्य. आवणी नव्हती. आरोग्यावर बोट ठेवलं. वजन चौऱ्याऐंशी, लक्ष्य सहासष्ट.

त्यातली बाई फार गोड बोलायची आणि फार छळायची. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मी धापा टाकत असताना ती म्हणे, "शाब्बास, अजून थोडंच!" तिचं काय जातंय! पण कचोरीची नोंद केली की आकडा लाल व्हायचा, म्हणून कचोरी सुटली. उठाबशा जमू लागल्या. तरी मला हवा तो व्यायाम तिच्याकडे नव्हताच. आवणीत कमरेत वाकून उलटं, मागे मागे सरकायचं असतं. मग मी हॉलमध्ये वाकून मागे चालायला लागले. दोनदा टीव्हीच्या टेबलावर आदळले. नवरा म्हणाला, "काही हरवलंय का?" मुलगी तर व्हिडिओच काढत बसली. अ‍ॅपमध्ये मी ते 'इतर' म्हणून नोंदवायचे, रोज वीस मिनिटं.

या वर्षी बारा किलो उतरवून गेले, तर आईचा चेहराच पडला. "नवरा खाया घालीत नाय का तुला? का आजारी हायेस?" डॉक्टरांच्या तपासणीचे कागद दाखवले, तरी तिने भाकरीवर दुप्पट लोणी ठेवलं. ते मी कुठेच नोंदवलं नाही.

सखूमावशीच्या खाचरात उतरले. डावीकडे मावशी, उजवीकडे आई. दुपारपर्यंत कंबर बोंबलत होती, पण मी मागे सरकत राहिले. मान वर केली तेव्हा पाय बांधाला लागले होते. पात संपली होती. आईची अजून चार हात बाकी होती, ती मी लावली. आई बांधावर बसून बघत राहिली.

संध्याकाळी पाय धुताना ती सखूमावशीला म्हणाली. या खेपेला हळू नाही, चांगलं मोठ्यांदा. "सखे, आमच्या घरची दोन माणसं धर!"

किती हलकं वाटलं, काय सांगू! तोंडावर पाणी मारायचं निमित्त करून रडून घेतलं.

अ‍ॅप अजून म्हणतं, लक्ष्य सहा किलो दूर आहे. असू दे. कुणी घर विचारलं तर मी इंदिरानगरचाच पत्ता देते, आणि तो खराच आहे. पण तुम्हीही गाव सोडून आला असाल, तर तुम्हाला कळेल. दुसऱ्या दिवशी सावडीची फेड म्हणून आमच्या खाचरात एक नाही, दोन बाया येणार होत्या, आणि त्यातली एक माझ्या नावावर येणार होती.