फायरवॉलची खंडेनवमी

खंडेनवमीला दुपारी बारा वाजता मी आमच्या घरच्या फायरवॉलची यथासांग पूजा केली आणि संध्याकाळी पाचच्या आत तो वारला.

यात माझा काडीचाही दोष नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. घरात हे कोणाला पटत नाही, म्हणून आता लिहूनच ठेवतोय!

तर फायरवॉल. इंटरनेटची वायर घरात शिरते तिथे हा पत्र्याचा डबा बसवायचा. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तो अडवतो, कोण, कुठून आलात, काय काम आहे, अशी चौकशी करतो आणि मगच आत सोडतो. मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथे नवा फायरवॉल आला आणि जुना भंगारात निघाला. वर्षानुवर्षं इमानेइतबारे राबलेला डबा, आणि भंगारात? मला बघवेना. रीतसर अर्ज करून मी तो घरी आणला, टूथब्रशने साफ केला, त्यात फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घातलं आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी मांडला.

“हे काय आणलंत?” वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

मी सगळं समजावून सांगितलं.

“म्हणजे वॉचमन. तो सोसायटीला आहे की!”

“अगं, तो दुपारी झोपतो!”

आठवड्याभरात कळलं की हाही झोपतो. डबा म्हातारा. प्रत्येक गोष्टीची इतकी कसून चौकशी करायचा, की वैशालीच्या मालिकेतली सासू रागाने मान वळवायला लागली की अर्ध्यातच अडकायची. ती मान पूर्ण वळलेली आमच्या घरात कोणी पाहिलेली नाही. पण सुरक्षितता होती! त्याबद्दल कोणी एक चांगला शब्द काढेल तर शपथ.

आता मुख्य मुद्दा. माझी आई, वय वर्षं चौऱ्याहत्तर, आमच्या पाथर्डी फाट्यावरच्या सोसायटीच्या महिला भजनी मंडळाची मुख्य गायिका. नवरात्रात जिल्ह्यातल्या मंडळांची ऑनलाइन भजन स्पर्धा असते. अंतिम फेरी खंडेनवमीला, संध्याकाळी पाच वाजता, थेट. गेल्या वर्षी मंडळ सेक्रेटरींच्या घरून गायलं. आईचा आलाप सुरू झाला आणि नेट गेलं. पडद्यावर आई तोंड उघडं ठेवून तशीच थिजली. परीक्षकांनी आधी “वा, काय दमसास आहे!” म्हणून दाद दिली. एक मिनिट उलटल्यावर त्यांना शंका आली. पहिलं आलं येवल्याचं मंडळ. नऊ जणी, नऊ पैठण्या आणि नेट अखंड!

आईचा तो उघड्या तोंडाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर वर्षभर फिरला. कोणाचा वाढदिवस असो, सोसायटीचं पाणी गेलेलं असो, लोक तोच टाकायचे. आई मात्र श्रावणापासून रोज सकाळी तोच आलाप घोटत बसायची. “एकदा पूर्ण म्हणून दाखवायचाय रे,” एवढंच म्हणाली. मला फार लागलं ते. मी मंडळाच्या बैठकीत उभा राहिलो आणि जाहीर केलं, “या वर्षी आमच्या घरून! आमच्याकडे फायरवॉल आहे!”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. (वैशालीने नाही.)

आता त्या म्हाताऱ्या डब्याच्या जिवावर आईचा आलाप कसा सोडायचा? म्हणून त्याला ताकदीचा प्रोसेसर घालायचं ठरवलं. प्रोसेसर म्हणजे त्याचा मेंदू. जुने सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने शोधून काढून दिला आणि बजावलं, “साहेब, आधी फर्मवेअर चढवा, मग प्रोसेसर बदला. उलटं करू नका.” फर्मवेअर म्हणजे डब्याची मूळ अक्कल. नव्या मेंदूला ओळखायचं कसं, हे तिला माहीत असावं लागतं.

“ती तुमच्यात कधी चढवणार?” वैशालीने विचारलं. मी दुर्लक्ष केलं.

हे काम खंडेनवमीलाच का काढलं, यावरून मला आजही बोलणी खावी लागतात. अरे, अवजारांच्या पूजेचा दिवस! माझे आजोबा नांगर पुजायचे, वडील लेथ मशीन पुजायचे. मी काय पुजायचं, टीव्हीचा रिमोट? नवा प्रोसेसर घातलेला डबा त्या दिवशी पुजायचा, असं मी मनाशी धरलं होतं. आता पूजा बाराला, आणि फर्मवेअर चढवत बसलो तर बारा टळणार. मग मी काय करावं? प्रोसेसर आधी बसवला. तुम्हीही तेच केलं असतंत!

प्रोसेसर तापतो, म्हणून त्याच्यावर पांढरी पेस्ट लावून वर पंख्याचा ठोकळा बसवायचा असतो. पेस्ट लावून झाली, तेवढ्यात देवघरातून आईची हाक आली, “विलास, बारा वाजले. पूजा करायची तर करून घे.” मी उघड्या डब्याच्या कडेला हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले, अक्षता वाहिल्या, वाहतानाचा फोटो काढवून घेतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मग फुंकर मारून सगळं झटकलं, पंखा बसवला, बटण दाबलं.

डबा सुरू झाला. अर्ध्या मिनिटात बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद.

साडेतीनपर्यंत मी हेच करत होतो. चार वाजता मंडळ आलं. नऊ जणी, नऊ हिरव्या साड्या, पेटी, तबला, आठ टाळ आणि चहाची अपेक्षा. मी रागारागाने दुकानदाराला फोन लावला.

“काय माल दिलात हो? अर्ध्या मिनिटात झोपतोय!”

“तापत असेल साहेब. पंखा नीट टेकलाय का बघा. आणि फर्मवेअर आधी चढवलं होतं ना?”

“पूजा आधी केली होती,” मी म्हणालो.

दुकानदाराने फोन ठेवला.

मी पंखा काढला. पांढऱ्या पेस्टमध्ये, बरोबर मधोमध, तांदळाचा एक अख्खा दाणा! त्याच्यामुळे पंखा तिरका बसला होता आणि डबा बिचारा अंगातल्या तापाने बेशुद्ध पडत होता. माझं डोकंच फिरलं.

“या घरात कोणाला अक्कल आहे का?” मी नऊ बायकांसमोर ओरडलो. “मशीनवर अक्षता टाकतात? कोणी टाकल्या या?”

वैशालीने शांतपणे आपला फोन माझ्यापुढे धरला. फोटोत मी होतो. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर भक्तिभाव आणि हातातून अक्षता पडताहेत. खाली बत्तीस नातेवाइकांचे नमस्कार.

“मुठीने टाकल्यास,” आई म्हणाली. “मी म्हणणार होते, चार दाणे पुरतात.”

मग आधीच म्हणायचं ना! पण वेळ नव्हता. मी जुना प्रोसेसर परत बसवला. आता फर्मवेअर. ते इंटरनेटवरून उतरवायचं, इंटरनेट येणार डब्यातून, आणि डबा पडलाय उघडा. वैशालीने स्वतःच्या फोनवरून लॅपटॉपला नेट दिलं. मी पेनड्राइव्हवर फर्मवेअर घेतलं.

“एक विचारू?” ती म्हणाली. “फोनवरून हे जमलं, तर भजनही फोनवरूनच का नाही करायचं?”

“वैशाली, ते वेगळं आणि हे वेगळं!”

“काय वेगळं?”

“सुरक्षितता!” मी म्हणालो. भजनात घुसून कोण काय चोरणार होतं, हे मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. पण मंडळासमोर शब्द दिला होता आणि शब्द म्हणजे शब्द.

डबा टीव्हीला जोडून त्याला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर आकडे चढू लागले. दहा टक्के, वीस टक्के. खाली इंग्रजीत ताकीद होती की काम पुरं होईपर्यंत वीज बंद करू नका, नाहीतर डबा कायमचा जाईल. मी पापणी न लवता बघत बसलो. चाळीस. पन्नास. मागे टाळ जुळवणं चाललं होतं. शांतामावशी, म्हणजे मंडळाच्या, मूळच्या निफाडच्या पेटीवाल्या, हातात इलेक्ट्रिक तानपुरा घेऊन प्लग शोधत फिरत होत्या. साठ. एकसष्ट. बासष्ट.

पडदा काळा झाला.

डब्याचे सगळे दिवे गेले. आणि मागून तानपुरा सुरू झाला.

“मावशी!” मी किंचाळलो. “पिन कोणी काढली?”

“म्या काढली.”

“कोणाला विचारून?”

“तुमालाच तं इचारलं भाऊ! म्हनलं, ही पिन काढू का? तुमी म्हनले, काढा काढा. दोनदा म्हनले.”

“मी? मी असं म्हणेन?”

“म्हणालात,” आठ हिरव्या साड्या एका सुरात म्हणाल्या. त्यांचा सूर इतका जुळलेला मी आधी कधी ऐकला नव्हता.

“हातसुद्धा केलात असा,” वैशालीने करून दाखवलं. डास हाकलावा तसा.

आता मला सांगा, माणूस कामात गढलेला असताना त्याला विचारायचंच कशाला? विचारलं तर त्याचं ऐकायचंच कशाला? एवढी साधी गोष्ट! मी पिन परत लावली, बटण दाबलं, डब्याला थोपटलं, शेवटी हातही जोडले. काही नाही. डबा काढून वायर सरळ जोडावी म्हटलं, तर कनेक्शनचा पासवर्ड मी सुरक्षिततेसाठी दुसरीकडे कुठेही लिहिला नव्हता. तो डब्यातच होता.

पाचला दहा मिनिटं होती. आई पुढच्या सतरंजीवर बसली होती, पदर नीट करून. तिने माझ्याकडे बघितलं आणि रागावली असती तर परवडलं असतं अशा आवाजात विचारलं, “या वर्षीही माझं तोंड उघडंच राहायचं का रे?”

इतक्या वेळात पहिल्यांदाच मला वाटलं, की चूक कदाचित माझीही असेल. थोडी.

“आज्जे, तुजा फोन कुठं हाय?” शांतामावशींनी विचारलं. आईने कमरेच्या पिशवीतून फोन काढला. मी तिला गजर लावण्यापुरता घेऊन दिलेला. रोजचा दोन जीबी डेटा, रोज तसाच वाया जायचा. वैशालीने दोन मिनिटांत त्याच्यावर स्पर्धेची लिंक उघडली. चित्र असं लख्ख, की आईच्या नथीतले मोती मोजावेत!

फोन ठेवायचा कशावर? स्टीलचा डबा घसरत होता, तांब्या उंच होत होता. शेवटी वैशालीने तो माझ्या फायरवॉलला टेकवला. बरोब्बर बसला.

“छान झालं,” मी म्हणालो. “आता मी काय करू?”

“बाहेर उभे राहा,” वैशाली म्हणाली. “कोणी बेल वाजवायला नको.”

आणि मला, घरच्या कर्त्या पुरुषाला, दाराबाहेर काढून आतून कडी लावली! तरी मी उभा राहिलो. इस्त्रीवाल्याला परत पाठवला. वरच्या मजल्यावरच्या काकू प्रसाद घेऊन आल्या, त्यांना प्रसादासकट परत पाठवलं. आतून परीक्षकांचा आवाज ऐकू आला.

“आजी, चित्र अगदी स्थिर आहे बरं का. गेल्या वर्षीसारखं नाही. काय व्यवस्था केलीत?”

“आमच्या विलासने घरात फायरवॉल बसवलाय,” आई म्हणाली.

मी बाहेर ताठ झालो. शर्टाची कॉलर नीट केली. शेवटी आईच ती!

“त्याला फोन टेकवलाय,” आई पुढे म्हणाली. “बंद पडलाय, पण वजनाला चांगला आहे.”

परीक्षक हसले. मंडळ हसलं. सगळा जिल्हा हसला असणार, निफाडपासून येवल्यापर्यंत! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बंद पडलाय? बंद पडलेला नव्हता तो, बंद पाडलेला होता! बासष्ट टक्क्यांवर! हे कोणीतरी सांगायला नको? मला आत जाऊन फक्त एवढंच, अगदी शांतपणे, सांगायचं होतं. दाराला कडी होती. म्हणून मी बेल दाबली.

आमची बेल कोकिळेच्या आवाजाची आहे. एकदा दाबली की तीनदा ‘कुहू’ करते आणि मधे थांबवता येत नाही.

आणि त्याच क्षणी आईने आलाप उचलला होता.

पहिल्या ‘कुहू’ला माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. दुसऱ्याला मी डोळे मिटले. पण आई थांबली नाही. तिसरं ‘कुहू’ तिच्या स्वराखाली बुडून गेलं आणि आलाप वर चढत राहिला. मी दाराला कान लावून तो शेवटपर्यंत ऐकला. कुठेही न अडकता, पूर्ण. त्या जिन्यात एकटाच उभा राहून मी रडलो, हे मी वैशालीला अजून सांगितलेलं नाही.

निकाल लागला. येवला पहिलं. आमचं मंडळ दुसरं, फक्त एका गुणाने मागे. खाली परीक्षकांचा शेरा होता: “आजींचा आलाप अप्रतिम. मात्र पार्श्वभूमीला कोकिळेचा आवाज घालण्याचा मोह टाळायला हवा होता. एक गुण कमी.”

मी भयंकर संतापलो. नवरात्रात कोकिळा येईलच कुठून, एवढी साधी गोष्ट परीक्षकांना कळू नये? आयोजकांना खरमरीत निषेधपत्र लिहायला मी तिथल्या तिथे बसलो. दोन पानं भरली. वैशाली मागे उभी राहून वाचत होती.

“मुद्देसूद झालंय,” ती म्हणाली. “खाली सही काय करणार? कोकिळा?”