बुटकीच्या पोटाखाली नऊ अंडी

दुपारची भांडी आवरून मी परसातल्या बाजेवर आडवी होते. हाताशी टोपली आहे आणि टोपलीत भुशावर बुटकी बसली आहे. बँटम जातीची ओंजळभर कोंबडी, पण तोरा असा की थोराड कोंबड्याही तिला वाट देतात. तिच्या पोटाखाली नऊ अंडी आहेत. ती तिची नाहीत, तांबडीची आहेत.

तांबडी ही आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी वाढवलेल्या कोंबड्यांतली शेवटची; बाकीच्या मी नंतर आणलेल्या. गेल्या आठवड्यात तिला मुंगसाने नेलं. आत्तींना जाऊन पाच महिने झाले. या अंड्यांतून काही निघालं नाही, तर त्यांच्या हातचं या परसात काही उरणार नाही. खुडूक होऊन उबवायला बसलेली एकटी बुटकीच होती, म्हणून चार दिवसांपूर्वी नऊच्या नऊ तिच्याखाली सारली. दुसऱ्या कोंबड्या टोपलीत येऊन आपली अंडी घालून जातात, त्यांतून ही ओळखू यावीत म्हणून प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढली. सगळं फडक्यात धरून केलं. कारण बावीस वर्षांत आत्तींनी मला उबवायच्या अंड्याला हात लावू दिला नाही. तुझा हात गार, म्हणायच्या.

डोळा लागतोय की नाही, कळत नाही. कोंबडा एकदा जवळून आरवतो, एकदा फार लांबून.

“किती ठिवलीस?”

आत्ती बाजेच्या पायथ्याशी बसल्या आहेत. हिरवं लुगडं, कमरेला पानसुपारीची चंची. मला नवल वाटत नाही. चोरी पकडल्यासारखं मात्र होतं.

“नऊ.”

“त्या वीतभर कोंबडीखाली? अक्कल कुठं गहाण टाकलीस?”

“एकसुद्धा सोडवेना, आत्ती.”

“पाचाच्या वर तिला झाकत न्हाईत. भाईर ऱ्हायलेलं गार पडतंय. ती त्याला आत वढती, मग दुसरं भाईर. असं करून समदीच जातील.”

मी उठून बसते तर बाज लोखंडी आहे. हा दवाखान्याचा वॉर्ड, जिथे आत्ती शेवटचे अकरा दिवस होत्या. सलाइनच्या खांबावर बँटम कोंबडा बसला आहे. थोराड कोंबड्या खाटांखाली फरशी उकरताहेत. खुराड्यातही असंच असतं, लहान वर आणि मोठे खाली. आत्ती खाटेवर पडल्या आहेत आणि टोपली त्यांच्या पोटावर आहे.

“चार काढ,” त्या म्हणतात.

“कुठली?”

“गार पडल्यात ती.”

“मला कसं कळणार? माझाच हात गार.”

“हातानं कोण बघतंय? गालाला लाव.”

त्या एक अंडं काढून माझ्या गालाला लावतात. ऊबदार आहे, लगेच कळतं. इतकं सोपं आहे की मला राग येतो.

“बावीस वर्षं का नाही सांगितलंत?”

आत्ती खांबावरच्या कोंबड्याकडे बघत म्हणतात, “सांगितलं असतं, तर मला इचारायला परसात कोण आलं असतं?”

“मी आले असते.”

“व्हय. पर त्ये मला ह्या खाटंवर पडल्यावर कळलं.”

मला रडू येतं. त्या अंडं गालावरून हलवत नाहीत.

“अगं, चहा ठेवतीस का?” माझा नवरा, हणमंत, बाजेशी उभा आहे. ऊन भिंतीवर चढलं आहे. “आणि गालाला कोळसा कुठनं लागला?”

बोट फिरवते. बोट काळं होतं. चार दिवसांत मी अंड्यांकडे हात नेलेला नाही.

“चहा तुम्हीच ठेवा,” मी म्हणते आणि बुटकीला अलगद उचलते. ती मनगटावर दोनदा टोचते. नऊ अंडी. आठांवरची रेघ जशीच्या तशी आहे, एकावरची फिसकटली आहे. ते मी उघड्या हाताने घेते आणि गालाला लावते. गरम आहे. परत ठेवते.

दुसरं लावते. ते गार आहे. क्षणभर तसंच धरून बसते, मग पदरात घेते. अजून तीन काढायची आहेत.