काचेवरचा तांबडा ठिपका

मीटरच्या कामात कितीही काळजी घ्या, शेवटी डबीत एखादा स्क्रू जास्तीचा निघतोच. गोष्टींचंही तसंच आहे. उल्हासनगरच्या आमच्या दुकानात जुन्या गाड्यांचे मीटर नव्या वायरिंगवर चालते करून देतात, आणि गाडी गेली तरी तिची गोष्ट मागे राहते. मी वहीच्या उजव्या पानावर ओहम आणि वायरींचे रंग लिहितो, डाव्या पानावर कोण काय बोललं ते. डावी पानं आधी भरतात.

दुकान लछूसाईंचं. वय सत्तरीपार. मी बुवापाड्याहून येतो. आधी कारखान्यात मेंटेनन्सला होतो. हे काम साईंचे हात बघत आणि लिहून घेत शिकलो. ते मला ‘लेखकसाब’ म्हणतात. कौतुकाने नव्हे.

*

जुनी गाडी सहा व्होल्टची, आताची बॅटरी बाराची. शिवाय पूर्वी बॉडीला प्लस जोडायचे, आता मायनस. अंबरनाथच्या एका साहेबांनी सगळं नवीन करून घेतलं, पण अ‍ॅमीटरच्या वायरी कोणी उलटवल्या नाहीत. त्यामुळे इंजिन चालू केलं की काटा दाखवायचा, बॅटरी उतरतेय. साहेब ती वाचवायला प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद करायचे. स्टार्टर मारून मारून आठवड्यात बॅटरी खरंच उतरली.

“म्हणजे मीटर बरोबर होता,” साहेब म्हणाले.

साईंनी दोन वायरींची अदलाबदल केली. “नाही साहेब, मीटर खोटा होता. तुम्ही मेहनत करून त्याला खरा केला.”

*

एकाने बंद पडलेला टेम्परेचर मीटर आणला. साईंनी तो न उघडता नाकाशी धरला.

“ह्याला डायरेक्ट बारा व्होल्ट दिले. कोणी दिले?”

“मेकॅनिकने.”

साईंनी पुन्हा वास घेतला. “मेकॅनिक एकदा देऊन घाबरला असता. हे दोनदा दिलेत.”

गिऱ्हाईक चपला बघत राहिलं. मीटर उघडला, तर आतली तार दोन ठिकाणी जळलेली. तेवढं मी उजव्या पानावर लिहिलं. वासाचं कुठे लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.

*

टाकीत किती पेट्रोल आहे ते काट्याला कळवणाऱ्या एका युनिटला लागणारी बारीक तार बाजारात मिळेना. साई घरून जुनी इस्त्री घेऊन आले, तिच्यातली तार काढली आणि अभ्रकाच्या पट्टीवर चष्म्याशिवाय गुंडाळली. मी मोजलं. तीस ओहम हवे होते, तीसच भरले.

“मोजतो कशाला? भरोसा नाय?”

“आहे साई. पण नुसतं सांगितलं तर लोकांना खरं वाटणार नाही.”

इस्त्री जुनी नव्हती, हे दुपारी त्यांच्या घरून फोन आल्यावर कळलं.

*

आता सुमतीबाईंची गोष्ट. बाई बदलापूरच्या, शाळेत हेडमास्तरीण होत्या. यजमान गेले, मागे त्यांची जुनी गाडी राहिली. ती बाई स्वतः चालवतात. मुलाने मात्र अट घातली होती: “रस्त्यात एकदा जरी बंद पडली, तर विकायची.” नव्या वायरिंगनंतर पेट्रोलचा काटा हलेना, म्हणून त्या आमच्याकडे आल्या.

साईंनी काटा अगदी बरोबर लावून दिला. माझ्या दुकानातून खोटा काटा बाहेर जात नाही, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मी काच थिनरने पुसून लख्ख केली.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. “वांगणीच्या अलीकडे उभी आहे. मुलाला नाही, तुम्हाला कळवतेय.”

आम्ही दोघे कॅनमध्ये पेट्रोल घेऊन रिक्षाने गेलो. टाकी कोरडी होती, आणि काटाही तेच सांगत होता.

“बाई, काटा रिकाम्यावर टेकलेला दिसला नाही का?”

“तो टेकतोच हो. त्यानंतर आम्ही वांगणीला जाऊन परत येतो. मग तो ठिपक्यावर येतो, तेव्हा पेट्रोल भरायचं.” बाई काचेकडे वाकल्या. “ठिपका कुठे गेला? ह्यांनी माझ्या नेलपॉलिशने लावला होता. शाळेत मला लावता येत नसे, बाटली पडूनच होती.”

वही काढून मी त्यांच्या गाडीचं पान वाचलं: ‘रिकाम्याच्या रेघेखाली दोन मिलिमीटर, तांबडा डाग. मळ असावा. पुसला.’

साईंनी आयुष्यात पहिल्यांदा माझी वही स्वतःच्या हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी गाडी दुकानासमोर उभी होती. टाकीत किती पेट्रोल उरल्यावर काटा रेघेवर यायचा, हे बाईंना तोंडपाठ होतं. मी तेवढं लिटरच्या मापाने ओतलं आणि साईंनी काटा पूर्वीइतकाच चुकवला. बरोबर लावायला त्यांना एक तास लागला होता. चुकवायला दुपार गेली.

“काय लिहिणार, लेखकसाब?”

“खोटा लावला.”

“लिही. पुढे लिही, मुद्दाम.”

गाडी अजून बाईंकडेच आहे. मुलालाही हल्ली काटा ठिपक्यावर आल्याशिवाय पेट्रोल भरवत नाही.

ठिपका त्याच संध्याकाळी साईंनीच लावला. काटे रंगवायचा तीन केसांचा ब्रश आणि तांबडा रंग घेतला. मी पट्टी धरली, दोन मिलिमीटर. श्वास रोखून त्यांनी ब्रश काचेवर टेकवला. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि मान हलवली.

साई ब्रश पुसायला फडकं शोधू लागले.

“रंग उरलाय का?” बाईंनी विचारलं.

“थोडा आहे, बाई.”

बाईंनी डावी करंगळी पुढे केली.

साईंनी पुन्हा श्वास रोखला.