पाटल्यांवरची हळद

पंच्याऐंशीच्या सुमारास मी जळगावला एका सराफाच्या पेढीवर कामाला होतो. धरणगावकडची एक बाई गहाण पाटल्यांचं व्याज भरायला यायची. नंबर लागेपर्यंत रिकाम्या मनगटावरून बोटं फिरवत बसायची.

मुलीच्या लग्नापुरत्या त्या तिने शेठजींकडून मागून नेल्या. स्वतःच्याच पाटल्या, आणि उसन्या! लग्न झाल्यावर परत आणल्या, तेव्हा नक्षीत हळद भरली होती. मी फडकं उचललं, तसा तिने माझा हात धरला.

"पुसू नको भाऊ, पोरनी हयद शे ती."

मी त्या तशाच पुडीत बांधून तिजोरीत ठेवल्या.

पुढे व्याज भरून झालं की ती विचारायची, "हयद शे ना भाऊ?"

रंग केव्हाच उडाला होता. तरी मी पुडी उघडून बघायचो आणि म्हणायचो, "शे, अक्का."