मार खाल्लेलं तांबं

प्रयोगशाळेत आज माझ्या वर्गातल्या मुलांनी तांब्याच्या तारेवर दणादण हातोडे घातले आणि पुन्हा वीज सोडली. तारेचा रोध वाढला होता. मारानं आतल्या अणूंच्या रांगा मोडल्या होत्या. आधीच एकमेकांना ढकलणारे इलेक्ट्रॉन त्या पडझडीवर आपटत होते.

माझे वडील तांबट, निरक्षर. लहानपणी गणित चुकलं म्हणून गुरुजींनी मला छडी मोडेपर्यंत मारलं आणि मी शाळा सोडली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी वडील मला घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले.

"गुरुजी, लई ठोकलं की तांबंबी ताठतं, मग फाटतं. आम्ही ते तापवून मऊ करतो."

"मग काय, भट्टीत घालू हिला?"

"ऊब द्या, एवढंच."

 गुरुजींनी मला शेजारी बसवून तेच गणित पहिल्यापासून सांगितलं. सुजलेल्या बोटांत पेन्सिल धरून मी ते सोडवलं.